मधुमेह्याचें ताट आणि प्रथिनांचें माप

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत सभागृहांत केलेलें भाषण)



या सप्ताहांत या व्यासपीठावरून आपण पुष्कळ गोष्टी ऐकल्या. मंदिराचा पाया कसा घातला गेला, घंटा कशी आली, कोणकोणत्या वडीलधाऱ्यांनीं डोक्यावरून रेती वाहिली, हें सांगणारे आमच्याहून अधिक अधिकारी वक्ते होऊन गेले. आजचा विषय आम्हीं स्वतः मागून घेतला, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. मधुमेह आणि प्रथिनांचा आहार हा विषय वैद्यांचा. धर्मगुरूनें त्यांत कां पडावें? याचें उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतों. या विषयांत आम्ही एकदां पडलों आहों, आणि अधिकार नसतां पडलों. आजचें भाषण हें त्याचें प्रायश्चित्त आहे.

सहा वर्षांपूर्वीं आम्हांस मधुमेह असल्याचें निष्पन्न झालें. घरोघरीं भेटी देणाऱ्या धर्मगुरूच्या पोटांत दिवसाकाठीं किती कप गोड चहा जातो, तें आपणांस ठाऊकच आहे. त्यावर नाताळच्या करंज्या, केक, आणि आपल्या वसईचीं सुकेळीं! वैद्यांनीं औषध दिलें. त्याच सुमारास एका स्नेह्यानें एक छापील पत्रक हातीं ठेविलें. भात, भाकरी व पाव सोडावा. अंडीं, कोंबडी, मासळी, आणि डब्यांत मिळणारी प्रथिनांची पूड भरपूर घ्यावी, असा त्याचा सारांश होता. आम्हीं तसें केलें. तीन महिन्यांत रक्तांतील शर्करा उतरली, कंबर उतरली, आणि झग्याखालचा पट्टा दोन भोकें आंत गेला. मग काय विचारतां! ज्या घरीं जावें तेथें आम्ही हेंच पुराण सांगूं लागलों.

त्या घरांपैकीं एक घर आमच्या गायकवृंदांतील एका वृद्ध गृहस्थांचें होतें. त्यांस अठरा वर्षांचा जुना मधुमेह. त्यांनीं आमचा शब्द शिरोधार्य मानला. कांहीं महिन्यांनीं त्यांचे पाय सुजले. तपासणींत लघवींतून प्रथिन जात असल्याचें आढळलें. मूत्रपिंडें निम्म्याहून कमी शक्तीनें काम करीत होतीं. आम्ही त्यांस भेटावयास गेलों तेव्हां ते म्हणाले, "फादर, तुम्हीं सांगितलेंत, म्हणून मी विचारलें नाहीं." त्यांच्या बोलण्यांत दोष देण्याचा हेतु लेशमात्र नव्हता, आणि म्हणूनच तें बोलणें अधिक लागलें.

त्यांच्या डॉक्टरांनीं आम्हांस शांतपणें समजाविलें कीं, मूत्रपिंडांची ही हानि कांहीं महिन्यांची नव्हे, कित्येक वर्षांची आहे; ती तुमच्या सल्ल्यानें उत्पन्न झालेली नाहीं; परंतु अशा मूत्रपिंडांवर हा भार घालावयास नको होता. एका उदाहरणावरून सर्वांविषयीं निष्कर्ष काढूं नये, हें तर्कशास्त्राचें पथ्य आम्ही सेमिनरींत शिकलों होतों. परीक्षेंत तें आम्हांस आठवलें, स्वतःच्या कंबरेच्या अभिमानांत मात्र आठवलें नाहीं. त्या गृहस्थांच्या अनुमतीनेंच ही हकीकत आज सांगत आहों. त्यानंतर या विषयावर जें वाचलें व वैद्यांस विचारलें, तें आपणांपुढें ठेवितों.

प्रथम शरीराचा व्यवहार पाहूं. अन्नांतून आपणांस मुख्यतः तीन इंधनें मिळतात : भात, भाकरी, साखर यांतील पिष्टमय पदार्थ, तेलातुपांतील स्निग्ध पदार्थ, आणि डाळी, दूध, अंडीं, मासे व मांस यांतील प्रथिनें. हीं जाळणें, साठविणें, एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करणें, या सर्व उलाढालीस चयापचय म्हणतात. पिष्टमय पदार्थाची साखर होऊन ती रक्तांत उतरते. स्वादुपिंडांतून इन्शुलिन सुटतें, त्याच्या आज्ञेनें स्नायु ती साखर आंत घेतात, आणि उरलेली यकृतांत साठते. फ्रान्समधील क्लोद बर्नार या शास्त्रज्ञानें गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास दाखवून दिलें कीं, यकृत ही शरीराची साखरेची कणगी आहे. जेवणानंतर ती भरते, उपाशीपोटीं ती थोडी थोडी साखर रक्तांत सोडते.

मधुमेहांत बिघडतो तो या कणगीचा कारभार. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत इन्शुलिन जवळजवळ नसतेंच. आपणांपैकीं बहुतेकांस असलेल्या दुसऱ्या प्रकारांत तें असतें, परंतु त्याची आज्ञा नीट पाळली जात नाहीं, आणि पुढें पुढें तें कमीही पडूं लागतें. मग घर भरलेलें असतांही यकृत आपलें दार उघडेंच ठेवितें. उपाशीपोटीं, पहाटे, साखर वाढलेली कां दिसते, त्याचें एक मोठें कारण हेंच.

आतां या व्यवहारांत प्रथिनें काय करतात? हा प्रश्न नवा नाहीं. १७९७ सालीं जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्यानें एका ग्रंथांत कॅप्टन मेरेडिथ नांवाच्या मधुमेही अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास धान्य व भाज्या जवळजवळ वर्ज्य करून मांस व चरबी यांचा आहार दिला, तेव्हां लघवींतली साखर दिसेनाशी झाली. इन्शुलिनचा शोध १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें लागला. तोंपर्यंत सव्वाशें वर्षें मधुमेह्याच्या पथ्याचा इतिहास हा बहुतांशीं अशा आहारांचा आणि उपासमारीचा इतिहास होता.

परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं एक शंका उत्पन्न झाली. ग्रॅहॅम लस्क या अमेरिकन शास्त्रज्ञानें कुत्र्यांवरील प्रयोगांत कृत्रिम रीतीनें मधुमेहासारखी स्थिति उत्पन्न करून मोजलें, तेव्हां शंभर ग्रॅम प्रथिनापासून सुमारें अठ्ठावन्न ग्रॅम साखर तयार होऊं शकते असें दिसलें. म्हणजे मांस खाणें हें आडमार्गानें साखर खाणेंच कीं काय? पुढें १९३६ सालीं अमेरिकेंतच जेरोम कॉन व लुईस न्यूबर्ग यांनीं मधुमेह्यांस भरपूर गोमांस देऊन रक्त तपासलें. हिशेबानें तितकीच साखर देणारा पिष्टमय आहार दिला तेव्हां रक्तशर्करा चढली. मांसानें मात्र ती जवळजवळ हललीच नाहीं.

याचीं कारणें मुख्यतः दोन दिसतात. एक असें कीं, प्रथिनांचें पचन सावकाश होतें, आणि त्यांपासून साखर तयार होत असतांना यकृत आपल्या कणगींतील साखर तितकी कमी सोडतें. एका हातानें घेतलेलें दुसऱ्या हातानें आवरून धरावें तसें. दुसरें असें कीं, प्रथिनांपासून निघणारीं ॲमिनो आम्लें स्वादुपिंडास जागें करतात. त्यांच्या योगानें इन्शुलिन सुटतें, आणि त्याच वेळीं यकृतास साखर सोडावयास सांगणारें ग्लुकागॉनही सुटतें. दोघांचें पारडें सारखें राहिलें तर रक्तशर्करा स्थिर राहते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत स्वादुपिंडांत थोडीबहुत शक्ति शिल्लक असते, म्हणून हें जमतें.

पहिल्या प्रकारांत तें जमत नाहीं. तेथें ग्लुकागॉन आहे, परंतु त्यास आवर घालणारें इन्शुलिन नाहीं. म्हणून मोठ्या प्रथिनयुक्त जेवणानंतर तीन ते पांच तासांनीं अशा रोग्याची साखर हळूहळू चढूं लागते. ज्यांच्या घरीं असें मूल आहे, त्या आईबापांनीं हें नीट लक्षांत ठेवावें : अंडीं व मासे दिले म्हणून इन्शुलिनची सुई कमी करतां येत नाहीं, आणि बंद तर कदापि करतां येत नाहीं. सुई बंद झालेल्या मुलाचा प्राण थोड्या दिवसांतच धोक्यांत येतो.

प्रथिनांचे आणखी तीन गुण सांगितले पाहिजेत. शंभर उष्मांकांचें प्रथिन पचविण्यांत शरीर वीस ते तीस उष्मांक खर्च करतें. पिष्टमय पदार्थांस हा खर्च पांच ते दहा, आणि स्निग्ध पदार्थांस शून्य ते तीन इतकाच असतो. प्रथिनानें पोट भरल्याचें समाधान अधिक वेळ टिकतें, म्हणून अधलेंमधलें खाणें आपोआप कमी होतें. आणि तिसरें, आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांस महत्त्वाचें : जेवणानंतरची साखर मोठ्या प्रमाणांत स्नायूंतच जाते. वयानें व नुसत्या उपासानें स्नायु झिजतात. पुरेसें प्रथिन आणि अंगमेहनत यांचा मेळ घातला तर ते टिकतात. मेहनतीवांचून नुसतें प्रथिन म्हणजे नांगरावांचून खत.

असो. प्रयोगांची साक्ष काय सांगते? अमेरिकेंतील मिनियापोलिस येथें मेरी गॅनन व फ्रँक नटॉल यांनीं २००३ सालीं दुसऱ्या प्रकारच्या बारा मधुमेह्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका पाळींत आहारांतील तीस टक्के उष्मांक प्रथिनांतून दिले, दुसऱ्या पाळींत पंधरा टक्के. प्रत्येक पाळी पांच आठवड्यांची होती. साखरेनें माखलेल्या हिमोग्लोबिनचें प्रमाण अधिक प्रथिनाच्या आहारानें ०.८ नें उतरलें, साध्या आहारानें ०.३ नें. आमची साखर उतरली तीही अंशतः याच नियमानें असावी.

परंतु पांच आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे. ऑस्ट्रेलियांत नव्व्याण्णव रोग्यांवर पूर्ण एक वर्ष चाललेला प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. तेथेंही प्रथिन तीस टक्के विरुद्ध पंधरा टक्के असेंच होतें. आरंभीं दोन्ही गटांची साखर उतरली. वर्षअखेर दोहोंत अर्थपूर्ण फरक राहिला नाहीं. यावरून असें दिसतें कीं, कमी खाणें व वजन उतरणें हा लाभाचा मोठा भाग आहे. प्रथिन त्यास साह्य करतें, पण तें कांहीं संजीवनी नव्हे. आमच्या पत्रकानें ही दुसरी गोष्ट सांगितली नव्हती.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हा आंकडा २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. याच पाहणीच्या २०२५ सालच्या वृत्तांतांत असें दिसतें कीं, आपल्या आहारांतील सुमारें बासष्ट टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून केवळ बारा टक्के. २०२२ सालीं याच संशोधकांनीं अठरा हजारांहून अधिक लोकांच्या आहारावरून हिशेब मांडला. नुकताच मधुमेह जडलेल्यांस तो मागें हटवावयाचा असेल, तर पिष्टमय पदार्थ एकूणपन्नास ते चोपन्न टक्के आणि प्रथिन एकोणीस ते वीस टक्के असावें, असें त्यांत आढळलें.

या आंकड्यांचा अर्थ नीट ध्यानीं घ्या. दिवसाला सोळाशें उष्मांक खाणाऱ्याच्या ताटांत बारा टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस ग्रॅम प्रथिन, आणि वीस टक्के म्हणजे ऐशीं ग्रॅम. म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांचा दोष प्रथिन अधिक खाण्याचा नसून कमी खाण्याचा आहे. परंतु तो दोष घालविण्यास भात-भाकरी हद्दपार करावी लागत नाहीं. ताटांतील माप थोडें बदलावें लागतें. बाजू ओलांडून पलीकडच्या खड्ड्यांत पडण्याचें कारण नाहीं.

आणि त्या खड्ड्याचें नांव मूत्रपिंड. प्रथिनांत नत्र असतो, तो शरीरास साठवितां येत नाहीं. यकृत त्याचा युरिया बनवितें आणि मूत्रपिंडें तो बाहेर टाकतात. प्रथिन वाढलें कीं मूत्रपिंडांतील बारीक गाळण्यांवरील दाब व काम वाढतें. निरोगी मूत्रपिंड हें सोसतें. परंतु जुन्या मधुमेहानें त्या गाळण्या आधींच झिजविलेल्या असतात, आणि कित्येक वर्षें रोग्यास त्याची वार्ताही नसते. दुखत नाहीं, खुपत नाहीं. ज्यांस मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा विकार आहे, परंतु जे डायलिसिसवर नाहींत, त्यांनीं वजनाच्या दर किलोस दिवसाला सुमारें ०.८ ग्रॅम प्रथिन घ्यावें, आणि ज्यांचा विकार वाढण्याची भीति आहे त्यांनीं १.३ ग्रॅमच्या वर जाऊं नये, असें आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रें सांगतात. साठ किलोच्या माणसास ०.८ प्रमाणें अठ्ठेचाळीस ग्रॅम होतें, आणि ऐशीं ग्रॅम ही १.३ ची सीमा ओलांडते. म्हणजे एकास औषध असलेलें ताट दुसऱ्यास अपाय करूं शकतें. डायलिसिसवर असलेल्यांस तर उलट अधिक प्रथिन लागतें. म्हणून माप सर्वांस एक नव्हे, हेंच आजच्या भाषणाचें सार आहे.

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी सांगतों. आहार बदलण्यापूर्वीं दोन तपासण्या कराव्या : लघवींतील अल्ब्युमिन आणि रक्तांतील क्रिएटिनिन. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यानें या दरवर्षीं कराव्याच. त्या मोठ्या खर्चाच्याही नाहींत.

जे इन्शुलिन किंवा स्वादुपिंडास चेतविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं भात-भाकरी एकाएकीं तोडली तर औषध तेंच राहून साखर धोक्याइतकी उतरते. घाम, थरथर, गोंधळ, हीं तिचीं लक्षणें. अशा वेळीं अंडें किंवा दाणे देऊं नका. साखर वा गुळाचें पाणी द्या, प्रथिन त्या वेळीं कामाचें नाहीं. लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या नव्या गोळ्या ज्यांस आहेत, त्यांनीं पिष्टमय पदार्थ अगदीं तोडल्यास रक्तांत आम्ल सांचण्याचा धोका असतो. सारांश, ताट बदलावयाचें तें डॉक्टरांस सांगून, आणि औषध बदलावयाचें तें डॉक्टरांनींच.

प्रथिन कोठून घ्यावें? एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत वीस-बावीस ग्रॅम. दूध, दही, चणे, मूग, ताजी मासळी, हें सर्व आपल्या दाराशीं आहे. सुके बोंबील प्रथिनांनीं भरलेले आहेत, पण बहुतेक सुक्या मासळींत मीठ फार. रक्तदाब असलेल्यांनीं तें जपून खावें. डब्यांतील पुडीची बहुतेकांस गरज नाहीं. आणखी एक साधी युक्ति आहे. न्यूयॉर्क येथें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अकरा रोग्यांवरील प्रयोगांत, तेंच जेवण, परंतु आधीं भाजी व कोंबडी आणि शेवटीं पाव, असा क्रम ठेविल्यानें एका तासानंतरची साखर सुमारें सदतीस टक्क्यांनीं कमी आढळली. प्रयोग लहान आहे, परंतु युक्तीस खर्च कांहींच नाहीं. आमटी, मासे, भाजी आधीं. भात मागून आणि थोडा.

परवां रविवारीं महोत्सवाचें भोजन आहे. स्वयंपाकाची जबाबदारी घेतलेल्या भगिनींस आमची विनंति आहे कीं, एक पातेलें मुगाच्या उसळीचें आणि एक काकडीच्या कोशिंबिरीचें प्रथम वाढावें, आणि चहा बिनसाखरेचा वेगळा ठेवावा. घरोघरीं येणाऱ्या धर्मगुरूच्या पुढें साखर ठेवली नाहीं म्हणून कोणी आतिथ्यांत उणें समजूं नये. आम्ही तें आतिथ्य दुप्पट समजूं.

ते वृद्ध गृहस्थ आज पुढच्या रांगेंत बसलेले आहेत. पथ्यानें, औषधानें आणि डॉक्टरांच्या देखरेखीनें त्यांची प्रकृति सध्यां स्थिर आहे, आणि या महोत्सवांत त्यांनीं गायनही केलें. या गांवांत धर्मगुरूच्या शब्दास वजन आहे, हें त्यांनीं आम्हांस शिकविलें. तें वजन किती ठिकाणीं टाकूं नये, हेंही त्यांच्याचकडून शिकलों. म्हणून शेवटीं इतकेंच सांगतों : आमच्या शब्दावर ताट बदलूं नका. आमच्या शब्दावर फक्त तपासणीस जा. सभागृहाच्या पडवींत परिचारिका भगिनी बसल्या आहेत. रांगेंत पहिले आम्ही उभे राहतों.

परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य देवो.